कारणाचा रकाना

३ जानेवारी

ठोंब्या,

नऊ वर्षांनी पत्र लिहितेय, तेव्हा आधी खुर्चीत बस. फोन तू उचलत नाहीस, दारात आले तर दार उघडणार नाहीस. पत्र मात्र तू फाडणार नाहीस. आलेल्या प्रत्येक कागदाला भोक पाडून फायलीत लावल्याशिवाय तुला घास गिळवत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

माझं तुझ्याशी काम आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून हे पत्र. गाढव म्हटलं म्हणून फुगू नकोस. तू मला याहून वाईट बोलला आहेस, तेही माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

माझ्या हृदयाची एक झडप खराब झालीय. २४ मार्चला उघडून दुरुस्त करणार आहेत. डॉक्टर म्हणतो, घाबरू नका, आमचं रोजचंच काम आहे. मी म्हटलं, बाबा रे, मीही रोज कात्र्या उघडून दुरुस्त करते, शंभरात एखादी मोडतेच. तो काही हसला नाही. म्हणून त्या टेबलावर आडवी होण्याआधी मला हे धार लावायचं दुकान आणि वरची खोली ठिणगीच्या नावावर करायची आहे. ठिणगी कोण ते तुला सांगायला नको. जन्माला तू घातलीस, हे नाव मी ठेवलं.

मी अशीच गेले तर कायद्याने जागा तुझी, आणि तुझ्यामागे तुझ्या चिरंजीवांची. गेल्या महिन्यात ते "आत्या, सहज आलो होतो" म्हणत आले आणि टेप लावून दुकानाची लांबी-रुंदी मोजून गेले. गोदाम छान होईल म्हणे. मी जिवंत, समोर बसलेली! मृत्युपत्र केलं तर माझ्यामागे पोरगी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसेल. मला ते नको. शाई वाळलेली मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय.

आता मेख ऐक. मी दस्तलेखकाकडे जाऊन आले. इथल्या नियमात आईबापांनी मुलांना, किंवा भावाबहिणींनी एकमेकांना जागा बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क माफ, नुसती किरकोळ नोंदणी फी. पण आत्याने भाचीला दिली तर पूर्ण शुल्क, जशी काही परक्याला विकली. नऊ वर्षं ती माझ्या घरात राहते, माझ्या शेजारच्या चाकावर बसते, माझी औषधं तीच आणते. कायद्याच्या लेखी ती परकी. आणि तू, ज्याने नऊ वर्षांत माझं तोंड पाहिलं नाही, तू सख्खा. काय बोलायचं आता!

तर मार्ग सरळ आहे. मी तुला बक्षीसपत्र करून देते. भाऊ, म्हणून माफ. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, तू तुझ्या मुलीला करून दे. मुलगी, म्हणून माफ. दोन दस्त, अर्धा तास. तिच्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, भिंतीकडे तोंड करून सही कर.

दस्तलेखक म्हणाला, "बाई, मधल्या मध्ये भावाने जागा ठेवून घेतली तर?" मी म्हटलं, तो दगड आहे, चोर नाही. पस्तीस वर्षं बाजारातले काटे तपासले त्याने, कुणाचं गुंजभर खोटं वजन खपवून घेतलं नाही. माझी जागा त्याच्या हातात अर्धा तास राहिली तर तेवढीच्या तेवढीच बाहेर येईल.

सही करतोस की नाही, ते कळव.

ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,

पत्र मिळाले. आवक क्रमांक देऊन फायलीत लावले आहे. प्रकृतीबद्दल वाचून वाईट वाटले. मुद्द्यांची उत्तरे अशी:

(१) शुल्कमाफी ही कुटुंबात खरोखर देणेघेणे करणाऱ्यांसाठी असते. तू मला जागा देत नाहीस आणि मला ती नको आहे. माझ्या नावाचा केवळ पूल करून ती पलीकडे न्यायची आहे. याला पळवाट म्हणतात. मी नोकरीत पळवाटा बुजवल्या, आता निवृत्तीत शोधणार नाही.

(२) सदर व्यक्तीने माझ्याच खात्यातली कायम नोकरी अकरा महिन्यांत सोडली. त्या परीक्षेसाठी मी दोन वर्षे पहाटे पाचला उठून तिचा अभ्यास घेतला होता. तो सगळा कशासाठी, तर सुऱ्यांना धार लावण्यासाठी. तेव्हा मी जे म्हणालो त्यात आजही बदल नाही. मला एकच अपत्य आहे आणि तो मुलगा आहे.

(३) चिरंजीव टेप घेऊन आल्याचे मला माहीत नव्हते. खुलासा मागितला आहे.

शुल्क भरून भाचीला सरळ बक्षीसपत्र कर, असा माझा सल्ला आहे. तब्येत सांभाळ.

तुझा भाऊ,
निरीक्षक, वजने व मापे (निवृत्त)


१९ जानेवारी

ठोंब्या,

आवक क्रमांक? माझ्या पत्राला आवक क्रमांक? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

पळवाट कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. सरकारने स्वतः भिंतीला दार ठेवलंय आणि वर पाटी लावलीय की भावाबहिणींनी इकडून जावं. दारातून गेलं तर ती पळवाट? मग खिडकीतून उडी मारणाऱ्यांना काय म्हणशील?

आणि तुझी स्मरणशक्ती कुठे गेली? बाबा गेले तेव्हा त्यांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा मी तुला हक्कसोडपत्र करून दिला. त्यातही शुल्क माफ होतं, बहीण म्हणून. तेव्हा तुला नाही पळवाट दिसली! मी तेव्हा नवऱ्याने काडीमोड देऊन टाकलेली, उस्तादांच्या हाताखाली रोजंदारीवर चाक फिरवत होते, भाड्याच्या खोलीत राहत होते. तरी एका शब्दाने विचारलं नाही की माझं काय. कचेरीबाहेरच्या टपरीवर आपण एकेक कप चहा प्यालो आणि मी सही केली. चहाचे पैसेही मीच दिले. तुझी बायको पोटुशी होती, घर लहान मुलाला हवं, एवढंच माझ्या मनात होतं. आणि पोटात कोण होतं रे? तीच तुझी सदर व्यक्ती.

पुढे उस्तादांकडून हे दुकान मी हप्त्याहप्त्याने घेतलं. या जागेतल्या एका विटेलाही तुझं बोट लागलेलं नाही. तुझी बायको मात्र यायची, आठवतं? दर तीन महिन्यांनी कापडात गुंडाळून शिवणाची कात्री घेऊन यायची. दुकानात उस्तादांच्या काळची पाटी आहे: उधार नाही, घासाघीस नाही, नातेवाइकांना सवलत नाही. ती त्या पाटीखाली बसून पूर्ण पैसे मोजायची आणि हसायची. ती असती तर तिने तुझे कान धरून तुला सहीला आणलं असतं.

राहिली नोकरीची गोष्ट. ती का सोडली, हे तू कधी पोरीला विचारलंस? मीही सांगणार नाही, तिचं ती सांगेल. एवढं मात्र ऐक. आज शहरातल्या दोन इस्पितळांच्या कात्र्या तिच्या हाताखालून जातात. न्हावी दोन-दोन तास बस बदलत तिच्याकडे येतात. २४ मार्चला मला ज्या कात्र्या लावतील त्यांना धार तिनेच लावलेली असेल. म्हणून मी निवांत आहे. काळजी मला फक्त या कागदाची आहे.

दस्त २० फेब्रुवारीला करायचे ठरवलेत. तुझी एक सही माझ्याकडे एकतीस वर्षं बाकी आहे. ती टाक आणि मोकळा हो.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

हक्कसोडपत्राचा मुद्दा मान्य. चहाचे पैसे तू दिले होतेस, हेही मान्य.

पहिल्या दस्तावर मी सही करीन. दुसऱ्या दस्तात एक तांत्रिक अडचण आहे. ती कोणती, हे विचारू नये. दस्तलेखकासही चौकशी करायला लावू नये. त्यापेक्षा सरळ शुल्क भरावे. कमी पडत असल्यास निम्मा भार मी उचलतो.

चिरंजीवास टेप कपाटात ठेवण्यास सांगितले आहे.

तुझा लिफाफा उघडताना आतले पत्रही कोपऱ्यात फाटले, ते चिकटवून घेतले. घरातली कात्री हल्ली कागदसुद्धा कापत नाही.

भाऊ


११ फेब्रुवारी

ठोंब्या,

विचारू नये म्हणालास, म्हणून लगेच विचारलं.

दस्तलेखक म्हणाला, बाप-लेकीचं नातं दाखवायला बापाचं कुटुंबपत्रक लागेल. आम्ही दोघी पालिकेच्या खिडकीवर गेलो. पत्रकात तुझं नाव. तुझ्या बायकोचं, पुढे मयत. मग लाल शाईने खोडलेली एक ओळ. मग चिरंजीव. मी म्हटलं, अहो, हिचा जन्मदाखला आहे माझ्याकडे! खिडकीतला म्हणाला, "जन्मदाखल्यावरून ती जन्मली हे कळतं, बाई. आज मुलगी आहे का, ते या पत्रकावरून ठरतं."

मी मूळ अर्ज काढायला लावला. नक्कल हातात आहे. अक्षर तुझं, मोत्यासारखं, तीन प्रतींत. नाव कमी करण्याचे कारण म्हणून छापलेले तीन पर्याय आहेत: मृत्यू, विवाह, स्थलांतर. तू तिन्हींवर काट मारलीस, कारण तू खोटं कसं लिहिणार! आणि खाली "इतर" पुढे लिहिलंस: आज्ञाभंग.

अरे, माणसं रागात ताट भिरकावतात, दार आपटतात आणि दुसऱ्या दिवशी ओशाळून गप्प बसतात. तू रांगेत उभा राहून, फी भरून, पावती घेऊन रागावलास! पोटच्या पोरीला लाल शाई? हात नाही कापला तुझा?

ती शेजारीच उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, बाप रागावलाय, एक दिवस विसरेल. तिने ती नक्कल नीट वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "चल आत्या, गिऱ्हाईक खोळंबलंय." दिवसभर चाकावर होती. दुपारी पाणी घालायचं विसरली आणि एक सुरा तापून निळा पडला. नऊ वर्षांत या पोरीने एक पातं जाळलं नव्हतं.

तुझा निम्मा भार तुझ्याकडेच ठेव. मला तुझ्याकडून एक सही हवी होती, आणि ती द्यायचा अधिकार तू स्वतःच्या हाताने खोडून ठेवलास. आता दस्त होणार, माझ्या आयुष्यात होणार, आणि पोरीच्याच नावाने होणार. कसा, ते माझं मी बघते.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

(१) अर्ज मीच केला होता.

(२) हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. मला वाटले होते की खिडकीतला माणूस "असले कारण चालत नाही" म्हणून अर्ज परत करील. मी असतो तर केला असता. त्याने वाचलादेखील नाही, शिक्का मारला. मी काही वेळ तिथेच उभा राहिलो. मागच्या माणसाने "सरका" म्हटले, म्हणून सरकलो.

(३) नाव पुन्हा दाखल करता येते. नमुना आणून भरला आहे. मसुदा सोबत पाठवतो, तो पाहून कळव. लगेच दिल्यास पत्रक मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त होईल, दोन्ही दस्त २४ च्या आत होतील आणि शुल्क पूर्ण वाचेल. पळवाटीबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेतो.

भाऊ

(सोबत: मसुदा. नाव पुन्हा दाखल करण्याचे कारण: मुद्रांक शुल्कातील सवलत मिळणेसाठी.)


२६ फेब्रुवारी

तुम्हांला काय म्हणून हाक मारायची हे पत्रकात ठरायचं आहे, म्हणून मायना कोरा सोडते.

मसुदा आत्याच्या नावाने आला होता. पण त्यात नाव माझं होतं, म्हणून मी वाचला. सवलत मिळणेसाठी! वाचून आधी हसले. हसता हसता रडू आलं, आणि रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून मग खूप राग आला.

तुम्ही खोटं लिहीत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच तो रकाना जास्त लागला. काढलंत तेव्हा माझा दोष लिहिलात. आता परत घेताय तर फायदा लिहिलात. सवलतीत उचलायला मी काय दुकानातला उरलासुरला माल आहे?

हा अर्ज देऊ नका. दिलात तर मी हरकत घेईन, तीन प्रतींत. कशी घ्यायची ते तुम्हीच शिकवलंय, पहाटे पाचला उठवून. सवलतीसाठी मी कुणाची मुलगी होणार नाही. शुल्क आम्ही भरतो. पूर्ण भरतो. आत्याने परवा विचारलं, "एवढं परवडेल का ग?" मी म्हटलं, दुसरं काही परवडणार नाही.

आता नोकरीचं. त्या दिवशी मी तुम्हांला हेच सांगायला आले होते, तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. आम्ही एका भाजीवालीचा काटा जप्त केला. म्हातारी शपथा घेऊन सांगत होती की मी फसवलं नाही. मी काटा उघडून पाहिला. दांडी ज्या पात्यावर डोलते ते पातं झिजून गोल झालं होतं, बाकी काही नाही. धार लावली असती तर दहा मिनिटांत काटा खरा बोलला असता. मी साहेबांना म्हटलं, दुरुस्त करून देऊ या का? ते म्हणाले, आपलं काम जप्तीचं. दंड भरून तिने काटा सोडवला, तेव्हा मी तिला घेऊन आत्याकडे आले. आत्याने मला चाकावर बसवलं आणि म्हणाली, तूच लाव. मी लावली. दांडी मधोमध येऊन थांबली. त्या आठवड्यात मी राजीनामा दिला.

यात तुमची आज्ञा कुठे मोडली, ते मला अजून कळलेलं नाही. सुरे-कात्र्यांचा बाजार असेल हा, पण इथे येणारी प्रत्येक वस्तू आली त्यापेक्षा बरी होऊन परत जाते. तुमच्या घरातून मी तशी गेले नाही.

ठिणगी


१५ मार्च

ठोंब्या,

झालं. बारा तारखेला दस्त नोंदला. दुकान आणि वरची खोली ठिणगीची.

नवीन यंत्रासाठी पोरीने साठवलं होतं ते गेलं, माझ्या बांगड्या गेल्या. हात हलके झाले, चाकावर बरंच आहे. नको म्हटलं तरी तू पाठवलेला निम्म्या रकमेचा धनादेश परत करतेय, या लिफाफ्यात आहे. लिफाफा सांभाळून उघड.

कचेरीतली गंमत सांगते. कारकून दस्त वाचत होता. म्हणाला, "देणारी आणि घेणारी, नातं काय?" मी म्हटलं, आत्या-भाची. तो म्हणाला, "मग सवलत नाही हो बाई." मी म्हटलं, मागितली कुणी? त्याने पहिल्यांदा मान वर केली. दिवसभर त्याच्यासमोर लोक दूरचा काका जवळचा करतात, वेगळी झालेली सून एका छपराखाली आणतात. तो पुन्हा म्हणाला, "अहो, यांचे वडील तुमचे सख्खे भाऊ ना? त्यांच्यामार्फत केलंत तर सगळं वाचेल." तेव्हा ठिणगी म्हणाली, "काका, तुम्ही पूर्ण लावा. आणि पावतीवर पूर्ण असं लिहा." त्याने लिहिलं. पावती तिने गल्ल्यावर, पाटीच्या खाली चिकटवलीय.

आता ऐक, मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. मरता मरताही चिडलेली असेन. पण तो मुद्दा क्रमांक दोन मी चारदा वाचला. खिडकीतला माणूस तुला अडवेल म्हणून तू वाट बघत उभा होतास! वेड्या, त्या खिडकीत तुझी बहीण बसलेली नव्हती. राग आला की माणसाने आपल्या माणसांच्या रांगेत उभं राहावं, तिथे कुणीतरी परत पाठवतं.

२४ ला सकाळी आत नेतील. ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही.

ताई


२ एप्रिल

चि. पोरी,

ताईची जखम भरत असल्याचे वॉर्डातल्या नर्सने सांगितले. मला आत सोडत होते, परंतु ताई झोपली होती आणि तू आत होतीस, म्हणून बाहेरून परतलो.

२४ तारखेला आपण एकाच बाकाच्या दोन टोकांना सहा तास होतो. साडेअकराच्या सुमारास तू मध्ये चहाचा एक कप ठेवलास आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलेस. तो कोणासाठी होता, हे सांगितले नाहीस. मी माझ्यासाठी समजून प्यालो. चूक असल्यास कळव.

आता मुख्य विषय. दस्त १२ मार्चला नोंदला गेला आणि शुल्क पूर्ण भरले गेले. म्हणजे तुझे नाव माझ्या पत्रकात असो वा नसो, त्यावर कोणाला कसलीही सवलत मिळण्याजोगी उरलेली नाही. मी नोंदणी कार्यालयात जाऊन हे दोनदा विचारून घेतले. तिथला कारकून मला म्हणाला, "मग आता कशाला त्रास घेता साहेब, फायदा काहीच नाही." मी म्हटले, तेच तपासायला आलो होतो.

त्यानंतर ३१ मार्चला पालिकेत अर्ज दिला. नक्कल सोबत आहे. छापील पर्याय जन्म, विवाह आणि दत्तक असे आहेत. तिन्हींवर काट मारली. इतर: "मागील नोंद चुकीची. चूक अर्जदाराची." खिडकीत तोच माणूस आहे, केस पिकले आहेत. या वेळी त्याने वाचले. म्हणाला, "एवढं लिहायची गरज नाही, नुसतं इतर चालतं." मी म्हटले, मला चालत नाही. हरकत घेण्याची मुदत पंधरा दिवस आहे. घेतलीस तर ती योग्य आहे, असे मी लेखी देईन.

दुसरे असे. पस्तीस वर्षांत मी किती काटे जप्त केले, याचा आकडा माझ्याकडे आहे. त्यातले किती नुसत्या धारेने सुटले असते, हे मी कधी पाहिले नाही. तुझे पत्र आल्यापासून मला ते काटे आठवतात. माणसांची तोंडेही आठवतात. त्या दिवशी तुझे वाक्य पुरे होऊ द्यायला हवे होते.

या पत्राला जावक क्रमांक दिलेला नाही.

बाबा


९ एप्रिल

बाबा,

आत्या घरी आलीय. वरच्या खोलीत उशीला टेकून बसते आणि चाकाच्या आवाजावरून खाली ओरडते, "पाणी घाल! जास्त दाबू नकोस!" डॉक्टरांना म्हणाली, शिवलंत छान, पण कात्री आमची होती. या वेळी ते हसले.

चहा तुमच्यासाठीच होता.

मी हरकत घेणार नाही. पण माफ केलं असं धरून चालू नका. नऊ वर्षं एका अर्जाने मिटत नाहीत. राग आला की बोलेन, तुम्हांला ऐकून घ्यावं लागेल, आणि वाक्य पुरं होऊ द्यावं लागेल.

धार बरोबर लागली का, हे आम्ही कागद कापून बघतो. आज एका शिंप्याची मोठी कात्री आली होती. तुमच्या जुन्या अर्जाची नक्कल घेतली आणि तिच्यावर बघितली. टोकापासून टोकापर्यंत सरळ गेली, आज्ञाभंगाचे दोन तुकडे झाले. नवी नक्कल आत्या चौकट करून भिंतीवर लावू म्हणत होती. मी दिली नाही. दस्ताच्या पिशवीत ठेवलीय.

आईची कात्री घेऊन या. नऊ वर्षांत तिचं काय झालं असेल ते लिफाफ्यांवरून दिसतंच आहे. टपालाने पाठवू नका, स्वतः आणा. कामाच्या दिवशी या, म्हणजे रांगेत उभं राहावं लागेल. तुम्हांला त्याची सवय आहे, आणि आमच्या इथे खिडकीवर मीच असते.

पाटी तुम्हांला माहीत आहे. दर पूर्ण लागेल.

तुमची मुलगी